आहे, असावे, म्हणतात

संग्रहालयशास्त्र विद्यापीठात शिकवावे की नाही, यावर आपल्याकडे फारसा वाद होत नाही. कारण असा काही विषय आहे याचीच अनेकांना कल्पना नसते. कला शाखेच्या एखाद्या बैठकीत त्याचे नाव निघाले, की पहिला प्रश्न येतो तो नोकऱ्यांचा. राज्यात संग्रहालये किती, त्यांत जागा किती, आणि त्यांतल्या भरल्या जाणार किती? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर उत्साहवर्धक नाही. पण त्याच्या आधी विचारावयाचा एक प्रश्न सहसा राहून जातो. या विषयात नेमके शिकवायचे काय? प्रस्तुत लेखक मराठीचा अध्यापक आहे, संग्रहालयशास्त्राचा नव्हे. तरीही या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात मराठीच्या अध्यापकाचा वाटा आहे, आणि तो त्याने मागून घेतला पाहिजे, असे त्याचे मत आहे. ते का, हे येथे मांडायचे आहे.

संग्रहालयाला लोकांनी दिलेली नावे पाहण्यासारखी आहेत. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ सालचे. नागपूरकरांसाठी तो आजही ‘अजब बंगला’ आहे. कोलकात्याचे इंडियन म्युझियम १८१४ सालचे. बंगाली माणूस त्याला ‘जादूघर’ म्हणतो. अजब काय किंवा जादू काय, दोन्ही शब्द पाहणाऱ्याच्या आश्चर्याचे आहेत. आत ठेवलेल्या वस्तूबद्दल ते काहीच सांगत नाहीत. शास्त्र सुरू होते ते येथून पुढे. पाहणाऱ्याचे आश्चर्य शिल्लक ठेवून, ते नेमके कशाबद्दल आहे हे सांगणे, ही संग्रहालयाची जबाबदारी. आणि सांगणे म्हटले की भाषा आली.

या विषयाचे विद्यापीठीय शिक्षण आपल्याकडे उशिरा पोहोचले, अशी कुणाची समजूत असेल तर ती दुरुस्त केली पाहिजे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना १९४९ सालची. तेथे संग्रहालयशास्त्राचा विभाग १९५२ साली सुरू झाला. कोलकाता विद्यापीठात हा विषय १९५९ पासून आहे. इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठाचा विभाग आज जगभर नावाजलेला आहे. तो १९६६ सालचा. दिल्लीतील राष्ट्रीय संग्रहालय संस्था १९८९ मध्ये आली. म्हणजे स्वातंत्र्यानंतर अवघ्या पाच वर्षांत, संग्रहालय चालवणे हे केवळ हौशी रसिकाचे किंवा निवृत्त अधिकाऱ्याचे काम नव्हे, त्याचे स्वतंत्र शिक्षण असते, ही जाणीव या देशात झालेली होती. तिची गरजही स्पष्ट दिसत होती. मार्कहॅम आणि हारग्रीव्ह्ज यांनी भारतातील संग्रहालयांची पाहणी करून १९३६ साली तिचा अहवाल प्रसिद्ध केला होता, आणि शंभरावर संग्रहालये असलेल्या या खंडप्राय देशात ती चालवणारी यंत्रणा किती तोकडी आहे, हे त्यातून पुढे आले होते.

ही सुरुवात बडोद्यातच का व्हावी, याचे उत्तर सयाजीरावांच्या कारकिर्दीत सापडते. बडोद्याच्या संग्रहालयाची इमारत १८९४ सालची. त्या एका आवारात युरोपीय तैलचित्रे आहेत, इजिप्तची ममी आहे, निळ्या देवमाशाचा अजस्र सांगाडा आहे, आणि १९५१ साली सापडलेल्या अकोट्याच्या जैन धातुमूर्तीही आहेत. रंग, कापड, हाड, धातू, कागद, दगड: जतनाचा अभ्यास करणाऱ्याला याहून चांगली पाठशाळा कोणती? नव्या विभागाची उभारणी याच संग्रहालयाचे संचालक व्ही. एल. देवकर यांच्या हातून झाली. पुढच्या पिढीत व्ही. एच. बेडेकर यांनी तेथे अध्यापन केले आणि भारताला कोणते नवे संग्रहालयशास्त्र हवे, याची मांडणी १९९५ च्या आपल्या पुस्तकात केली. ही दोन्ही नावे मराठी वाचकाला परकी वाटणार नाहीत. पुस्तक मात्र इंग्रजीत आहे.

यात बेडेकरांना दोष देण्याचा हेतू अजिबात नाही. त्यांना साऱ्या देशाशी आणि देशाबाहेरच्या अभ्यासकांशी बोलायचे होते. खंत आहे ती त्यानंतरच्या शांततेची. ज्या बडोद्याने संग्रहालय उभारले, त्याच बडोद्याने १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश सिद्ध केला होता. कारभार लोकांच्या भाषेत चालवायचा तर आधी शब्द घडवावे लागतात, हे त्या राज्यकर्त्याला कळले होते. संग्रहालयाच्या कारभाराला मात्र असा शब्दकल्पतरू मराठीत मिळाला नाही. आज महाराष्ट्रात या विषयाचे जे शिक्षण मिळते ते बहुतांशी इंग्रजीतून मिळते, आणि ते घेतलेल्या विद्यार्थ्याने नंतर ज्या वस्तूंपाशी उभे राहायचे असते, त्या वस्तू मात्र मराठी असतात.

या अभ्यासक्रमात सामान्यतः काय असते? संग्रहालयांचा इतिहास असतो. १८७८ चा निखात निधी कायदा आणि १९७२ चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा असतो. जतनाचे विज्ञान असते: कापड, कागद आणि जलरंगचित्रे यांवर प्रकाश साधारण ५० लक्सच्या आतच का ठेवावा, हवेतील आर्द्रता वरखाली होत राहिली तर लाकडाला भेगा कशा पडतात, कसर आणि वाळवी यांच्यापासून कागद कसा वाचवावा. मांडणी असते, प्रशासन असते, शाळकरी मुलांसाठीचे उपक्रम असतात. हे सारे आवश्यक आहे. त्यातले काही गाळावे असे कुणी म्हणणार नाही. पण या साऱ्याच्या तळाशी एक गोष्ट असते, आणि तिच्याकडे तंत्र म्हणून पाहिले जाते. ती म्हणजे नोंदवही.

संग्रहालयात आलेली प्रत्येक वस्तू आधी नोंदवहीत येते आणि मग कपाटात जाते. अनुक्रमांक, तारीख, वस्तूचे नाव, कशाची बनवली, मापे, कुणाकडून व कशी मिळाली, सध्याची अवस्था, ठेवण्याची जागा आणि शेवटी शेरा. इतके रकाने भरले की ती वस्तू संग्रहालयाची झाली. नोंद नसेल तर ती वस्तू असून नसल्यासारखी. चोरीला गेली तरी ती आपली होती हे सिद्ध करता येत नाही. दिल्लीचे राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालय एप्रिल २०१६ मध्ये आगीत भस्मसात झाले. अशा प्रसंगानंतर मागे उरते ते नोंदींत आणि छायाचित्रांत जेवढे उतरले असेल तेवढेच. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ साली स्मारके आणि पुरावस्तू यांच्या जतनावर अहवाल दिला, त्यात देशातल्या मोठमोठ्या संग्रहालयांच्या नोंदणीतील आणि पडताळणीतील उणिवांवर बोट ठेवले होते. मोठ्यांची ही कथा, तर तालुक्याच्या गावातील दोन खोल्यांच्या संग्रहालयाबद्दल काय बोलावे?

आता या नोंदवहीकडे साहित्याच्या विद्यार्थ्याच्या नजरेने पाहू. ‘वस्तूचे नाव’ हा रकाना वाटतो तितका निरुपद्रवी नाही. एका रांगेत काही दिवे ठेवले आहेत असे समजा. इंग्रजीत विचार करणारा विद्यार्थी ‘दिवा, पितळी’ असे लिहून पुढे सरकेल, आणि त्याला कुणी चूक म्हणणार नाही. पण मराठी घरात ‘दिवा’ नावाची एकच वस्तू कधी नव्हती. साखळीने टांगलेला तो लामणदिवा. देवापुढे उभी ती समई. आरतीच्या ताटात फिरते ते निरांजन. कुंभाराकडून येते ती मातीची पणती. गोंधळ्याच्या हातात असते ती दिवटी. चिंध्या गुंडाळून तेलात भिजवलेला तो टेंभा. रॉकेलवर धूर ओकत जळणारी ती चिमणी. यांतल्या प्रत्येक नावात तो दिवा कुठे असे, कोण लावी, कशावर जळे आणि कोणत्या वेळी, याची माहिती साठवलेली आहे. नाव गेले की ती माहिती गेली; उरले ते वजन आणि मापे. अडकित्ता, पानपुडा, तस्त, गिंडी, ताम्हन, घंगाळ, सट, शिंकाळे, उखळ, जाते: या शब्दांचे अर्थ आज पदवीच्या वर्गात विचारले तर निम्म्यांवर तरी शांतता पसरते. वस्तू काचेमागे सुरक्षित आहे आणि तिचे नाव मेले आहे, अशी अवस्था येण्यास आता फार काळ उरलेला नाही.

पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय या दृष्टीने पाहावे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६ ते १९९०) हे मुळात कवी. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने त्यांनी हे संग्रहालय उभे केले. त्यातल्या वस्तूंची संख्या २०,००० च्या वर गेली आणि १९७५ साली त्यांनी ते सारे धन महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे, वाद्ये, स्वयंपाकघरातली आयुधे: राजवाड्यातील रत्नांपेक्षा रोजच्या हातांनी झिजलेल्या वस्तूंकडे त्यांचा ओढा होता. असा संग्रह एका कवीने करावा हा योगायोग आहे असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही. दोन अडकित्त्यांमधला फरक दिसण्यासाठी जी नजर लागते, तीच दोन समानार्थी शब्दांमधला फरक दिसण्यासाठी लागते.

आणि वर्गवारी, सूची, नोंद या गोष्टी आपल्या परंपरेला परक्या आहेत असेही नाही. शिवकाळातील ‘राज्यव्यवहारकोश’ पाहावा. त्यात शस्त्रवर्ग आहे, भोग्यवर्ग आहे, दुर्गवर्ग आहे, लेखनवर्ग आहे. राज्यातील वस्तूंना आणि व्यवहारांना नावे देऊन त्यांची मांडणी केली आहे. जामदारखान्याच्या याद्या, दफ्तरातले कागद बांधून ठेवण्याचे रुमाल, कागदाच्या कडेला मारलेला शेरा ही आपली नोंदणीची भाषा होती. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तराचे कागद आजही रुमालांच्या हिशेबानेच मोजले जातात. तेव्हा मराठीत संग्रहालयशास्त्राची परिभाषा नाही, ही तक्रार अर्धीच खरी आहे. परिभाषा आहे, ती वर्गात आणली गेलेली नाही.

नावाच्या रकान्यापुढचा रकाना अधिक कठीण आहे. वस्तू कुठून आली, कुणाची होती, कशासाठी वापरली गेली? येथे नामाचे काम संपते आणि क्रियापदाचे सुरू होते. मराठीने या कामासाठी आपल्याला फार सुरेख साधने दिली आहेत. ‘आहे’, ‘असावे’, ‘असेल’, ‘म्हणतात’, ‘मानतात’, ‘सांगितले जाते’. यांतल्या प्रत्येकाचे वजन वेगळे आहे. पुरावा हातात असेल तर ‘आहे’. पुराव्यावरून अनुमान निघत असेल तर ‘असावे’. केवळ परंपरा असेल तर ‘म्हणतात’. संग्रहालयशास्त्राचे सारे नीतिशास्त्र या तीन शब्दांच्या मधल्या जागेत राहते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. ‘असावे’च्या जागी ‘आहे’ लिहिणारा अभिरक्षक खोटे बोलत असतो, मग त्याने जतनाचे विज्ञान कितीही चांगले आत्मसात केलेले असो.

याचे ताजे उदाहरण सर्वांच्या समोर आहे. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे महाराष्ट्रात तीन वर्षांसाठी उसनी आली आणि साताऱ्याच्या शासकीय संग्रहालयात प्रथम मांडली गेली. ती जेम्स ग्रँट डफ याच्याकडून त्याच्या वंशजांकडे आणि तेथून त्या संग्रहालयाकडे गेली. ग्रँट डफ म्हणजे मराठ्यांचा इतिहास लिहिणारा, १८१८ नंतर साताऱ्यास कंपनी सरकारचा प्रतिनिधी असलेला अधिकारी. सोबतच्या पेटीवर इंग्रजी मजकूर आहे. ही नखे शिवाजीची असून त्यांनी त्याने मोगल सेनापतीला मारले, आणि ती पेशव्यांच्या प्रधानाने ग्रँट डफला दिली, असा त्याचा आशय. महाराष्ट्रातील चौथीचा विद्यार्थीही येथे अडखळेल. अफझलखान आदिलशाहीचा सरदार होता, मोगलांचा नव्हे. खुद्द लंडनच्या संग्रहालयाने, महाराजांनी वापरलेली वाघनखे हीच याची खात्री करता आलेली नाही, असे आपल्या नोंदीत स्पष्ट लिहिले आहे. आपल्याकडे मात्र त्यावरून बराच गदारोळ झाला. एका बाजूने ती महाराजांचीच असे छातीठोकपणे सांगितले गेले. दुसऱ्या बाजूने सारेच थोतांड म्हणून हिणवले गेले.

समजा, संग्रहालयशास्त्राच्या वर्गात ही वस्तू विद्यार्थ्यांपुढे ठेवली आणि तिचा फलक मराठीत, पन्नाससाठ शब्दांत लिहायला सांगितले. तो असा काही होऊ शकेल: ‘वाघनखे. पोलाद. साताऱ्यास रेसिडेंट असलेल्या जेम्स ग्रँट डफ यांच्या संग्रहातून. प्रतापगडाच्या पायथ्याशी १६५९ साली शिवाजी महाराजांनी अफझलखानाविरुद्ध वापरलेली वाघनखे हीच, असे सोबतच्या पेटीवरील मजकूर सांगतो. त्या प्रसंगापासून ग्रँट डफपर्यंतच्या सुमारे १६० वर्षांत ही वस्तू कुठे होती, याचा पुरावा मिळालेला नाही.’ हा फलक कुणाचा अपमान करत नाही. प्रतापगडाचा प्रसंग या नखांच्या अस्सलपणावर मुळीच अवलंबून नाही. त्याला समकालीन साधनांचा भक्कम आधार आहे. उलट असा फलक वाचणाऱ्याला एक शहाणपण देतो: घटना खरी असणे आणि वस्तू तीच असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा भेद ज्याला कळला, त्याला इतिहासाच्या नावाने सहजासहजी कुणी भडकवू शकणार नाही.

हा फलक लिहिणे सोपे आहे. तो भिंतीवर टिकवणे कठीण. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कुणी वरिष्ठ येतो आणि ‘असे सांगतो’ हे शब्द काढून टाकायला सांगतो, तेव्हा पंचविशीतल्या सहायक अभिरक्षकाने काय करावे, याचे उत्तर कोणत्याही विज्ञानाच्या पुस्तकात नाही. त्याच्या पाठीशी एक परंपरा आहे, एवढेच आपण त्याला शिकवू शकतो. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला, आणि कागद कुठे मिळाला, अस्सल की नक्कल, तारीख लागते की नाही, याची चर्चा मराठीत रुजली. ती राजवाड्यांच्या काळातही साऱ्यांना रुचत नव्हती. पण ज्यांचे महाराष्ट्रप्रेम निर्विवाद होते अशा माणसांनीच ती चालवली. पुराव्याचा आग्रह धरणे म्हणजे श्रद्धेशी वैर नव्हे, हे मराठी मुलाला मराठीतूनच सांगता येते. परभाषेतून सांगितलेला पुराव्याचा आग्रह त्याला परक्याचा आक्षेप वाटतो.

संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ऑगस्ट २०२२ मध्ये प्राग येथे संग्रहालयाची नवी व्याख्या स्वीकारली. तीतली क्रियापदे वाचण्यासारखी आहेत. २००७ च्या व्याख्येत संग्रहालय आधी वस्तू मिळवते, मग जतन करते आणि नंतर संशोधन करते. नव्या व्याख्येत संशोधन सर्वांत आधी येते, मग संग्रह, जतन, अर्थबोध आणि प्रदर्शन. सर्वांसाठी खुले असणे आणि वैविध्य जोपासणे हेही तीत आहे. क्रियापदांच्या क्रमातला हा बदल वैयाकरणाच्या नजरेतून सुटू नये. काय जमवायचे, हे आधी विचार करून ठरवायचे आहे.

येथे आपल्या संग्रहालयांतली एक मोठी पोकळी दिसते. १९१५ साली त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गाव-गाडा’त बलुतेदारांच्या कामांचे, हक्कांचे आणि व्यवहारांचे बारकाईने वर्णन केले. १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले, आणि त्यामागोमाग आलेल्या आत्मकथनांनी मराठी साहित्यात अशा वस्तू आणल्या, ज्यांना आधी तेथे जागा नव्हती. साहित्याने त्यांची नोंद घेतली. संग्रहालयांनी किती घेतली? तलवारी, चिलखते, पैठण्या आणि हस्तिदंती पेट्या यांना काचेची कपाटे मिळाली; चांभाराची रापी, बुरुडाची पाटी, खराटा, डफ आणि हलगी यांना क्वचितच. नागपूरजवळ चिचोली येथे बाबासाहेब आंबेडकरांचे कपडे, टंकलेखनयंत्र आणि नित्य वापराच्या वस्तू जपल्या गेल्या आहेत, त्या कार्यकर्त्यांच्या निष्ठेमुळे. कुठल्या विद्यापीठाने ते काम अंगावर घेतले म्हणून नव्हे. ज्या विद्यार्थ्याच्या आजीच्या घरात अशा वस्तू होत्या, तो आज आपल्या मराठीच्या वर्गात बसलेला आहे. त्या वस्तूची योग्य नोंद त्याच्याइतकी नेमकी दुसरे कुणी करू शकणार नाही. इंग्रजीची अट घालून आपण नेमका त्यालाच दाराबाहेर ठेवतो.

यावर दोन आक्षेप घेतले जातील, आणि दोन्ही गंभीरपणे घेण्यासारखे आहेत. पहिला असा, की जतनाचे विज्ञान, आंतरराष्ट्रीय संकेत आणि नवे संशोधन इंग्रजीत आहे. ते न येणारा विद्यार्थी मागे पडेल. हे खरे आहे. म्हणून इंग्रजी काढा असे येथे कुणी म्हणत नाही. वैद्यकाचा विद्यार्थी इंग्रजीत शिकतो, पण रुग्णाला ‘कुठे दुखते?’ हे त्याच्या भाषेत विचारता आले नाही तर त्याचे शिक्षण वाया जाते. संग्रहालयात येणारी वस्तू आणि तिच्यासोबत ती देणारी म्हातारी बाई, दोघी मराठी बोलतात. तिच्याकडून वस्तूची हकीकत काढून घेणे, ती तिच्या शब्दांत टिपणे, मग तपासून नोंदवणे, हा अभ्यासक्रमाचा भाग असला पाहिजे, आणि त्याला गुण असले पाहिजेत.

दुसरा आक्षेप नोकऱ्यांचा. पदे थोडी आहेत आणि असलेली वर्षानुवर्षे रिकामी राहतात, हे कुणाला नाकारता येणार नाही. तीन-चारशे विद्यार्थ्यांना प्रवेश देऊन पदव्या वाटणे ही फसवणूक ठरेल. पण मराठी, इतिहास, समाजशास्त्र घेऊन पदवी मिळवणाऱ्यांना आपण कोणत्या नोकरीचे आश्वासन देतो? शिवाय गरज आणि पद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. औंधचे श्री भवानी संग्रहालय बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारले; एका छोट्या संस्थानाच्या त्या संग्रहात हेन्री मूरचे शिल्पही आहे. कोल्हापूरच्या टाउन हॉलमध्ये ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची रोमन कांस्यमूर्ती आहे. मालगुंडला केशवसुतांचे स्मारक आहे. शिवाजी विद्यापीठात वि. स. खांडेकरांचे स्मृतिसंग्रहालय आहे. याखेरीज जुन्या ग्रंथालयांतले, मठांतले, शाळांतले, कारखान्यांतले लहानमोठे संग्रह गावोगाव आहेत. त्यांतल्या अनेकांच्या बाबतीत पुढच्या वीस वर्षांत प्रश्न एवढाच असेल, की नोंद आधी होते की वाळवी आधी पोहोचते.

तेव्हा करायचे काय? सूचना साधी आहे आणि तिला नवी इमारत लागत नाही. मराठी आणि इतिहास या विभागांनी मिळून पदव्युत्तर स्तरावर एक सत्र या कामाला द्यावे. विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीने जवळचा एक लहान संग्रह घ्यावा आणि त्यातल्या शंभर वस्तूंची मराठीत पूर्ण नोंद करावी: नाव, त्या परिसरातले पर्यायी नाव, उपयोग, हकीकत, हकीकत सांगणाऱ्याचा तपशील, आणि ‘आहे’ की ‘असावे’ की ‘म्हणतात’ याचा स्पष्ट निवाडा. त्यांतल्या दहा वस्तूंचे फलक लिहावेत. परीक्षा त्या फलकांवर व्हावी आणि ती तोंडी व्हावी, म्हणजे प्रत्येक क्रियापदाचा जाब विचारता येईल. जतनाचे प्राथमिक धडे द्यायला शहरातल्या संग्रहालयातले तज्ज्ञ बोलवावेत. अशा दहा तुकड्यांच्या नोंदी एकत्र आल्या, की वस्तूंच्या मराठी नावांचा एक कोश आपोआप उभा राहू लागेल, आणि तो कुणाच्या टेबलावर बसून केलेला नसेल.

यातले सगळे विद्यार्थी अभिरक्षक होणार नाहीत. बहुतेक शिक्षक होतील, पत्रकार होतील, तलाठी होतील, घर चालवतील. पण एकदा ज्याने पन्नास शब्दांचा फलक लिहिताना ‘आहे’ खोडून ‘असावे’ केले आणि ते का केले हे परीक्षकासमोर सांगितले, त्याच्या हातात पुढे वर्तमानपत्र आले, भाषण आले किंवा फिरत आलेला एखादा संदेश आला, तरी त्याची नजर आधी क्रियापदाकडे जाईल. साहित्याच्या वर्गात आम्ही हीच नजर तयार करण्याचा प्रयत्न करत असतो. तिचा उपयोग काय, असे विद्यार्थी विचारतात तेव्हा कवितेखेरीज दुसरे उदाहरण आमच्याजवळ नसते. ते गावातल्या दोन खोल्यांच्या संग्रहालयात, धूळ खात पडलेल्या दिव्याच्या शेजारी, नोंदीची वाट पाहत आहे.